मच्छिंद्रचा बेचाळीस नंबर

मच्छिंद्र बुटाची नाडी बांधत न्हाई. पंधरा वर्षं झाली, मी त्याला एकदाबी नाडी बांधताना पाह्यलं न्हाई. मिलमधी जाताना न्हाई, गावाकडं जाताना न्हाई, लेकीच्या शाळेत गेला तवाबी न्हाई. नाड्या दोन्हीकडून लोंबत राहतात अन हा आपला चालत राहतो. नवं माणूस टोकतं, "भाऊ, नाडी सुटली." हा हसतो अन म्हणतो, "राहू द्या, सवय हाये." जुनं माणूस टोकत न्हाई. त्याला माहीत असतं.

मी लालमियाँ. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिला जिथून सुरू होतात, त्या वळणावर माझं सायकलचं दुकान हाये. जालना जिल्हा झाला त्या साली, एक्क्याऐंशीला टाकलं. पंक्चर, चेन, भाड्याच्या सायकली, सगळं केलं. पायात घालायचा माल मात्र कधी विकला न्हाई. एकदाच त्या भानगडीत पडलो, तेच सांगून राह्यलो. मधीमधी मला राग येईल, येऊ द्या. माझी बायको, जन्नतबी तिचं नाव, म्हणती, ह्या गोष्टीत तुमचा राग मच्छिंद्रवर न्हाई, तुमचा तुमच्यावरच हाये. तिला काय, ती काहीबी बोलती.

मच्छिंद्र कुंभार पिंपळगाव नावाच्या गावचा. साडेचार एकर रान अन दोन भाऊ. थोरला रामराव रानात राह्यला, हा अठ्ठ्याऐंशी साली मिलमधी आला. मिलच्या मागं एका खोलीत सहा जण राहायचे. तिघं कामावर गेले की तिघं झोपायचे, ते उठले की तेच अंथरूण पुढच्यांना. बायको साळूबाई अन आई चतुराबाई गावाकडंच, रामरावच्या घरात. बायकोला इथं आणलं तर ठेवायचं कुठं? म्हणून सुट्टी आली की हा सायकलवर टांग टाकायचा अन अंबड, घनसावंगी करत पासष्ट किलोमीटर गाव गाठायचा. दुसऱ्या दिवशी पासष्ट परत, अन आला की थेट पाळीला. मी एकदा विचारलं, "एस.टी. काय मेली का रे?" तर म्हणला, "एस.टी. जागोजागी थांबून राहती, चाचा. थांबलं की माझा जीव घुसमटतो."

असं जाऊन येऊन त्याच्या पायाला चाकं लागली. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर तो चढावर मागं टाकायचा अन ड्रायव्हर लोक शिव्या द्यायचे. जत्रेतल्या शर्यतीत दोनदा पहिला आला. पायात कॅनव्हासचा बूट, सात नंबर, तो बी नाडी न बांधलेला.

आता नाडीचं सांगतो, कारण ते कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई.

मिलमधी भट्टीतून लोखंड लालभडक होऊन निघतं अन रोलमधून दाबत दाबत त्याची लांब सळई होती. एका बाजूनं सळई सळसळत बाहेर येती, तिथं चिमटा घेऊन माणूस उभा असतो. त्यानं ती पकडायची अन वळवून पुढच्या रोलमधी घालायची. दिवसभर हेच. सळई कधी उडती, अन तिच्या अंगाची जळती पापडी तर कायम उडती. एकोणनव्वद साली मच्छिंद्रच्या शेजारी रामकिसन नावाचा माणूस उभा राहायचा. एकाच खोलीतला, एकाच ताटात जेवणारा. एक दिवस तशीच एक पापडी रामकिसनच्या बुटात घोट्याकडून आत गेली. नाडी घट्ट बांधलेली, दुहेरी गाठ. रामकिसन वरडायला लागला. मच्छिंद्र खाली बसला अन गाठ सोडायला लागला. घामानं भिजलेली गाठ, ती काय सुटती? नखं तुटली पण गाठ सुटली न्हाई. शेवटी कोणीतरी पत्रा कापायची कात्री आणली अन नाडी कापली. तवर आतमधी पाय राह्यला नव्हता म्हणलं तरी चालल. दोन बोटं गेली, तळवा गेला. रामकिसन गावाकडं गेला तो परत आला न्हाई.

तवापासून त्या मिलमधी एक रीतच पडली. बूट घ्यायचा तो एक नंबर मोठा अन नाडी मोकळी. आत काही पडलं की झटका मारायचा, पाय बाहेर. बाकीचे लोक मिलच्या बाहेर आले की नाडी बांधायचे. मच्छिंद्र बाहेरबी बांधायचा न्हाई. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी तो मिलच्या दाराशी उभा राहून झटका मारून पाय काढायचा, घालायचा, परत काढायचा. मी माझ्या दुकानातून पाहायचो. लोक पाळीला जाताना देवाला हात जोडतात, हा पाय काढून पाहायचा.

अन दुसरी गोष्ट. मिलवाले दर दोन वर्षाला बुटाची कंपनी बदलायचे. नवा माल आला की ह्याचं भांडण सुरू. "मागच्या कंपनीचा आठ ढिला होता, ह्यांचा आठ घट्ट हाये, मला नऊ पायजे." कारकून म्हणायचा, "वहीत तुझ्या नावापुढं आठ लिहिलंय." मच्छिंद्र हटायचा न्हाई. चहाच्या टपरीवर नवीन पोरांना तो हेच शिकवायचा, की कंपनी बदलली की नंबर बदलतो, वहीवर जाऊ नका, पायाला विचारा. खरं होतं ते. बिलकुल खरं होतं. म्हणूनच तर पुढं सगळी पंचाईत झाली.

शहाण्णव साली पेपरात जाहिरात आली. एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती, सायकलवाल्यांसाठी एक जागा. वयाची अट अठ्ठावीस, अन मच्छिंद्रला सत्तावीस संपून राह्यलं होतं. म्हणजे हीच, न्हाईतर कधीच न्हाई. औरंगाबादच्या बाहेर एका रस्त्यावर चाचणी. एकेकानं घड्याळ लावून तीस किलोमीटर जायचं, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत जो पहिला येईल त्याला नोकरी. कायमची नोकरी अन राहायला क्वार्टर.

ह्या क्वार्टरनं सगळ्यांना वेड लावलं. त्या दिवसांत साळूबाई बाजाराला म्हणून जालन्याला आलती. दुकानाच्या बाकड्यावर बसली, मांडीवर तीन वर्षांची लेक. मच्छिंद्र मिलमधून आला, तर लेक त्याला पाहून आईच्या पदरात शिरली. साळूबाई मला म्हणली, "पाहा चाचा. बापाला पाव्हणा समजती. सुट्टीच्या दिवशी येतो अन सकाळी जातो, मंग पाव्हणाच न." मंग जरा वेळानं म्हणली, "हे तिथं लागले तर दोन खोल्या मिळतील म्हणं. आपलं दार आपण लावायचं." एवढंच म्हणली. मच्छिंद्र तिच्याकडं न पाहता सायकलची चेन पाहून राह्यला होता. चेनला काही झालं नव्हतं.

मी त्याला रेसची सायकल जुळवून दिली. कॉलेजात खेळ शिकवणारे धर्मराज सर माझ्या दुकानात यायचे, त्यांनी रस्त्यावर घड्याळ लावून पाह्यलं. पन्नास मिनिटं झाली. सर म्हणले, "दम हाये, पायात ताकद हाये, पण कॅनव्हासच्या बुटात अर्धी ताकद वाया चाललीय. तळवा वाकतो. कडक तळव्याचा सायकलचा बूट पायजे, खाली पट्टी ठोकलेला, पेडलच्या पिंजऱ्यात बसणारा, अन वरून चामड्याचा पट्टा आवळलेला. पाय पेडलला चिकटला पायजे. मंग दोन मिनिटं आरामात निघतील." मच्छिंद्रनं विचारलं, "सर, पट्टा आवळल्यावर पाय काढायचा कसा?" सर हसले. म्हणले, "काढायचाच कशाला? उतरायच्या वेळी हातानं पट्टा सोडायचा."

मच्छिंद्र हसला न्हाई.

बूट आणायचं मी अंगावर घेतलं. औरंगाबादला खेळाच्या सामानाचा होलसेलवाला होता, त्याच्याकडं एकाच कंपनीचे सायकलचे बूट होते. आता कॅनव्हासवाल्याचे नंबर सहा, सात, आठ असे, अन ह्यांचे चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस असे. म्हणून मी अंदाजावर गेलो न्हाई. संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्याला बोलावलं, कारण दिवसभर उभ्या माणसाचा पाय संध्याकाळी फुगतो अन बूट घ्यायचा तो फुगल्या पायाला. पेपर अंथरला, दोन्ही पायांवर सरळ उभा केला, पेन्सिल फिरवली, पट्टी लावली. डावा सव्वीस सेंटीमीटर, उजवा कणभर कमी. डब्यावर छापल्याप्रमाणं त्याचा सात म्हणजे ह्यांचा एक्केचाळीस. पण होलसेलवाला ईमानदार माणूस, तो म्हणला, "ह्या कंपनीचा माल लहान येतो, एक नंबर वर न्या." मी पेपरवरचा पाय कापून नेलाच होता, तो बुटाच्या आत घालून पाह्यला. बेचाळीस. काळा, भोकाभोकाचा, लई देखणा बूट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मच्छिंद्र बाकड्यावर बसला. पाय आत गेला. मी अंगठ्यानं टोक दाबलं, बोटापुढं अर्ध्या अंगठ्याची जागा. टाचेच्या मागं करंगळी घालून पाह्यली, शिरत न्हाई. सायकलच्या बुटाला ह्याच्याहून बराबर काय असतं? मी नाडी ओढली, गाठ मारली अन म्हणलं, "ऊठ, चाल."

तो उठला न्हाई. फेब्रुवारीचे थंड दिवस, अन त्याच्या कपाळावर घाम. हात नाडीकडं गेले, गाठ सापडंना. मी खाली वाकून गाठ सोडली. त्यानं पाय असा बाहेर काढला अन बूट असा बाजूला सरकवला की जणू चुलीवरचं भांडं.

"लहान हाये, चाचा," म्हणला.

"लहान न्हाई," मी म्हणलं. "करंगळी घालून पाह्यली मी."

"लहानच हाये. कंपनी बदलली की नंबर बदलतो. तुम्ही डब्यावर जाऊ नका, पायाला विचारा. माझा पाय सांगून राह्यला लहान हाये म्हणून."

आता इथं मी बोलायला पायजे होतं. मला रामकिसनचं माहीत होतं, तो दारात उभा राहून रोज काय करतो ते माहीत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितो, हे काय मला कोणी सांगायला पायजे का? पण दिवसाचे बारा तास लाल सळईपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला, तू एका नाडीला भ्यालास, असं तोंडावर कसं म्हणायचं? शर्यत तीन हप्त्यांवर. मन मोडलं तर सगळंच मोडलं. मी म्हणलं, "बराबर हाये, लहानच वाटतो." जन्नतबीला सांगितलं तर ती म्हणली, "तुम्ही त्याची इज्जत वाचवली का तुमची सुटका करून घेतली?" मी जेवण अर्धवट ठेवून उठलो.

त्रेचाळीस आणला. तो बी "जरा घट्ट". चव्वेचाळीस आणला. त्यात पाय घालून, नाडी न बांधता, झटका मारला तर पाय बाहेर. मच्छिंद्रच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "हा पाहा, हा खरा माझा नंबर," म्हणला. आत पुढच्या बाजूला चिंधी कोंबली, खाली पट्टी ठोकून घेतली. पट्टी ठोकली की बूट दुकानदार परत घेत न्हाई, म्हणजे विषय संपला. बेचाळीसचा जोड मी परत केला न्हाई. डब्यात घालून फळीवर ठेवला. सरांनी चव्वेचाळीसच्या बुटात घड्याळ लावलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं दहा सेकंद. सर म्हणले, "पाय आत फिरून राह्यला, टाच उचलून राह्यली. नंबर बराबर घेतला का?" मच्छिंद्र म्हणला, "कंपनीचा मालच तसा हाये, सर." मी पंक्चर काढून राह्यलो होतो, मान वर केली न्हाई.

चाचणीच्या दिवशी मी संगं गेलो. पिशवीत पाना, पंप अन बेचाळीसचा जोड, त्यालाबी मी पट्टी ठोकून आणली होती. काखेत कळसा अन गावाला वळसा, तशी गत. सुरुवातीच्या रेघेवर मी पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली. म्हणलं, "मच्छिंद्र, अजून टाईम हाये. हा घाल. मी बांधतो अन मीच सोडतो. तीस किलोमीटर संपले की पुढं मी उभा असन." तो बुटाकडं पाहत राह्यला. हात पुढं केला, बुटाला लावला. मंग मागं घेतला अन म्हणला, "लहान हाये तो, चाचा." मी पिशवी बंद केली. त्याच्या चव्वेचाळीसवर पट्टा आवळला. पट्टा तर आवळावाच लागतो. त्याची नाडी मात्र मोकळीच होती.

पंधरा किलोमीटर जायचं अन त्याच रस्त्यानं परत यायचं. धर्मराज सर अन मी मागं जीपमधी. जाताना सातव्या किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू होतं. मजूर ड्रमखाली लाकडं पेटवून राह्यले होते. मच्छिंद्र पुढं निघून गेला. काय सांगू तुम्हाला, काय चालवून राह्यला होता तो. अंबडचा रस्ता, घनसावंगीचा रस्ता, आठ वर्षांचं जाणं-येणं सगळं त्याच्या पायात उतरलं होतं. वळणावर सरांनी घड्याळ पाह्यलं अन माझ्या मांडीवर थाप मारली. वीस सेकंद हातात होते. माझ्या डोळ्यापुढं साळूबाईच्या दोन खोल्या आल्या. खोटं कशाला बोलू, दाराला कोणता रंग लावतील तिथपर्यंत मी गेल्तो.

परत येताना ते काम आलं. आता ड्रममधी डांबर उकळून राह्यलं होतं. धूर रस्त्यावर आलता अन एक बाई लांब दांड्याच्या डबड्यानं डांबर खडीवर ओतून राह्यली होती. मच्छिंद्र बाजूनं निघाला. डांबराचा एक थेंब उडाला, शेंगदाण्याएवढा, अन त्याच्या घोट्याजवळ मोज्यावर पडला. मी जीपमधून पाह्यलं. थेंब पडला अन पाय बाहेर. डोळं मिटायच्या आत. रोज मिलच्या दारात उभा राहून जे करायचा, तेच. बूट पेडलच्या पट्ट्यात जागच्या जागी, अन पाय हवेत.

सायकलनं झोकांडी खाल्ली. पडला न्हाई, पण थांबावं लागलं. अडकलेल्या बुटात पाय घालायला गेला तर बूट पेडलसंगं गरगर फिरं. शेवटी मोज्याच्या पायानं, बुटावरूनच पेडल मारत निघाला. मी जीपमधून वरडलो, काय वरडलो ते इथं सांगत न्हाई. अठ्ठेचाळीस मिनिटं एकतीस सेकंद. त्याच्या मागून आलेल्या एका लातूरच्या पोरानं सत्तेचाळीस पन्नासमधी रेघ ओलांडली.

मी पुढं गेलो अन पट्टा सोडून त्याचा बूट काढून हातात दिला. मोजा थोडा जळाला होता. पायाला काही न्हाई, चिंचोक्याएवढा लाल डाग. तो खाली बसला होता. वर पाहून म्हणला, "पाह्यलं न चाचा? ह्या कंपनीचे नंबरच खोटे."

नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या अगदी ओठावर आलं. पण त्याचं तोंड पाह्यलं अन मी म्हणलं, "हो रे. नंबरच खोटे."

त्यानंतर आठ वर्षं तो हेच बोलत राह्यला. टपरीवर, खोलीत, माझ्या बाकड्यावर. नवा माणूस आला की, "माझी नोकरी एका बुटानं गेली. कंपनीनं नंबर चुकीचा छापला." पहिल्यांदा लोक हळहळायचे, मंग माना हलवायचे, मंग उठून जायचे. मीच एक बसून राहायचो. अन मान हलवायचो. कधी कधी वाटायचं, उठावं, फळीवरचा डबा काढावा अन आपटावा त्याच्यापुढं. त्याचा राग न्हाई यायचा मला. राग यायचा तो त्या मान हलवण्याचा.

तो त्याच खोलीत, त्याच पाळीत. साळूबाई गावाकडंच. चतुराबाई गेली, तिच्या दहाव्याला हा सायकलवर गेला अन बाराव्याला सायकलवर परत आला. लेक मोठी झाली. आता पदरात शिरत न्हाई, दारात उभी राहून "बाबा आले" म्हणून आत सांगती अन अभ्यासाला बसती. मच्छिंद्र मला म्हणला, "शहाणी झाली. पाव्हण्यापुढं लाजत न्हाई आता."

ह्या वर्षी, दोन हजार चार साली, जानेवारीत मिलमधी सळई उडाली. रोलमधून सुटून सापासारखी वर गेली अन खाली येताना तिचा एक तुकडा मच्छिंद्रच्या बुटात पडला. झटका, अन पाय बाहेर. बूट तिथंच जमिनीवर जळून राह्यला, तळव्यापर्यंत. माणसाच्या पायाला साधा फोड न्हाई. लोक धावत आले तर हा एका पायावर उभा, चिमटा तसाच हातात.

मार्चमधी मिलवाल्यांनी सुरक्षा सप्ताह साजरा केला. मांडव टाकला, खुर्च्या मांडल्या अन मच्छिंद्रचा सत्कार केला. जळका बूट टेबलावर ठेवला होता. मोठे साहेब म्हणले, चपळाई कशी असावी ते मच्छिंद्रकडून शिका, पंधरा वर्षं झाली, एक अपघात न्हाई, अजून पंधरा वर्षं अशीच सेवा करो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी गेल्तो, मागं उभा होतो. शाल, नारळ अन बुटाचा नवा जोड दिला. ह्याच वर्षी परत कंपनी बदलली होती.

सत्कार झाल्यावर तो सरळ माझ्या दुकानात आला. शाल खांद्यावर, नारळ हातात. नारळ बाकड्यावर ठेवला अन बसला. मला वाटलं, नव्या बुटाच्या नंबराचं काढतो का काय. तर म्हणला, "चाचा, तो बेचाळीस हाये का अजून?"

मी स्टूल घेतलं, फळीवरचा डबा काढला, धूळ झटकली. आठ वर्षांत चामडं जरा कडक झालतं, पण बूट तसाच. त्यानं मिलचे बूट काढले. डावा पाय घातला, मंग उजवा. दोन्ही पाय आत गेल्यावर म्हणला, "बांधा."

"मी?"

"मला कुठं येती बांधता."

मी खाली बसलो. नाडी ओढली, गाठ मारली, एका पायाची, मंग दुसऱ्या पायाची. गुडघे दुखतात आता माझे, पण घट्ट मारली. वर पाह्यलं तर त्याच्या कपाळावर घाम आलता. हात मात्र त्यानं मांडीवर ठेवलेले, नाडीकडं नेले न्हाई. तसाच बसून राह्यला. एक सायकलवाला हवा भरायला आला, मी त्याला हातानंच थांबवलं. थोड्या वेळानं मच्छिंद्र उठला. दुकानातल्या दुकानात चार पावलं चालला. पट्टी फरशीवर टकटक वाजली. परत येऊन बसला.

"बराबर बसला का?" मी विचारलं.

"बराबर," म्हणला. मंग बुटाकडं पाहत म्हणला, "तवाबी बराबरच बसला होता, चाचा."

मी त्याच्या पायाशी तसाच बसून राह्यलो. मला बोलायचं होतं, की मलाबी माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन मी बोललो न्हाई. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाबी माहीत होतं मला माहीत हाये म्हणून. आठ वर्षं आम्ही दोघं त्या बिचाऱ्या कंपनीला शिव्या देत बसलो होतो.

तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. सत्काराचा दिवस असला तरी पाळी चुकत न्हाई. मच्छिंद्रनं पाय पुढं केले.

"सोडा चाचा," म्हणला. "कामावर जायचंय."

मी गाठी सोडल्या. त्यानं बेचाळीसचा जोड डब्यात ठेवला, झाकण लावलं अन डबा माझ्या हातात दिला. नारळ जन्नतबीला म्हणून ठेवला. बक्षिसाच्या नव्या बुटात पाय घातले, दारात उभं राहून एकदा झटका मारून पाह्यला. पाय निघाला. मंग परत घातला अन मिलकडं गेला. नाड्या दोन्हीकडून लोंबत होत्या.